तीन घरांची मतपेटी

मागच्या सीटवर पेटी, पट्ट्याने बांधलेली,
दवाखान्यात न्यायच्या पोरासारखी.
गाडीभर लाखेचा वास.
ऑस्ला चालवते, मी फाटकं उघडतो.
पहिल्या घरापर्यंत अकरा फाटकं.
चालवणाऱ्याशेजारी बसेल त्याने उतरायचं,
बेटावरचा हा एकच कायदा
ज्यावर कुठल्याच राजधानीचा डोळा नाही.

स्टॅन्लीबाहेरच्या सगळ्या रानाला इथे कॅम्प म्हणतात.
जणू आम्ही उद्या तंबू गुंडाळून निघणार.
दीडशे वर्षं झाली, खुंट्या अजून ठोकतोच आहोत.

वारा पश्चिमेचा.
वाकून दाखवायला झाड नाही एकही,
म्हणून मेंढ्याच सांगतात:
सगळ्यांच्या पाठी एकीकडे.

कागदावर प्रश्न एक, चौकोन दोन.
आहे तसंच राहायचं का?
प्रश्न सोपा, असं ज्यांनी सांगितलं
त्यांना फाटकं उघडावी लागत नाहीत.

इशबेल गॉसने उभ्याउभ्याच फुली मारली,
ओव्हनमधलं काहीतरी करपत होतं.
मग म्हणाली, बसा. बसलो.
तिचे चार जण मागच्या टेकाडावर पुरलेत,
पाचवी जागा तिने दगड रचून धरून ठेवली आहे,
बसमध्ये रुमाल टाकतात तशी.
“दोघांनी दोन नावं ठेवली या बेटांना,” ती म्हणाली,
“माझी कुत्री मात्र एकाच शिट्टीला येतात.
घे अजून केक, तू फार वाळलायस.”

दुसऱ्या घरात केस्टर आणि यास्ना.
यास्ना सामुद्रधुनीपलीकडची, चिलीची.
सहा वर्षं इथे; यादीत नाव नाही,
कागद कुठल्यातरी टेबलावर आहेत.
केस्टर पेन्सिल धरून बसला, बराच वेळ.
“हिचं कुठे लिहू?”
मी भिंतीकडे पाहत राहिलो. नियम तसा आहे,
अधिकाऱ्याने ताकास तूर लागू द्यायची नाही.
भिंतीवर मेंढ्या कातरायचं वेळापत्रक होतं.
यास्ना पीटचं ढेकूळ चुलीत सारत म्हणाली,
“लिही रे तुझं. माझं मी पाव भाजून सांगते.”
पाव चांगला झाला होता. दोन दिले वाटेसाठी.

तिसरं घर किनाऱ्याला.
कुंपणावर अजून कवटीची पाटी;
युद्धात पेरलेलं सगळंच उगवलं नाही,
काही अजून मातीत आहे.
पेंग्विन बिनधास्त आत जातात, घरटी करतात.
त्यांचं वजन पुरत नाही.
तिथे जमीन कुणाची, हे वजनावर ठरतं.

मॅग्नस टॉली आतून खुर्ची घेऊन आला,
पेटी खुर्चीवर ठेवली, स्वतः उभा राहिला.
फुली मारली. घडी घातली. टाकली.
मग विचारलंही नव्हतं तरी:
“त्या ओहोळात सापडला होता एक पोरगा.
त्यांचा. एकोणीसचा असेल नसेल.
बूट भिजून फुगलेले.
काहीतरी सारखं म्हणत होता, एकच शब्द.
मला त्यांची भाषा येत नाही.
मी आपलं मटण दिलं.”
थांबला.
“पाणी असेल. किंवा आई.
नंतर कुणाला तरी विचारायला हवं होतं.
पण तो शब्दच विसरलो.”

ऑस्लाने गाडी सुरू केली.

परतताना धुकं. खड्डा आला की
पेटीत कागद सरकायचे,
तीनच, पण ऐकू यायचे.
सातव्या फाटकाशी मी चुकलो असणार,
कडी नीट बसली नव्हती.
मागे वळलो तर एक मेंढी रस्त्याच्या मधोमध,
पाठीवरच्या खुणेचा रंग धुऊन गेलेला.
इकडची की तिकडची?
मी म्हणालो इकडची. ऑस्ला म्हणाली तिकडची.
पावसात वीस मिनिटं आम्ही भांडलो,
मेंढी चरत होती.
शेवटी ऑस्लाने फाटक सताड उघडलं,
हाताने धरून उभी राहिली
आणि म्हणाली, गप्प बस जरा, तिला ठरवू दे.

उशीर झाला.
विमान आमच्यासाठी थांबलं होतं,
पायलट पंखाखाली बसून
यास्नाचा पाव खायला तयारच होता.